उंदराच्या दाताचं वय मोजताना या चुका टाळा, मी सगळ्या करून झाल्यात

लहानपणी दात पडला की आजी म्हणायची, जा कौलावर भिरकाव आणि उंदीरमामाकडे नवा माग. आमच्या सिंधुदुर्गातल्या वाडीत निम्म्या पोरांनी असे दात फेकलेत. पुढे पीएचडीसाठी उंदरांच्याच दातांवर काम करायला लागले तेव्हा कळलं की ज्या मामाकडे आपण एवढ्या विश्वासाने नवा दात मागत होतो त्याचे स्वतःचे दात आयुष्यात एकदाच येतात, दुधाचे दात ही भानगडच त्याच्याकडे नाही. प्रत्येक बाजूला वर-खाली एक पुढचा दात, मग मोठी मोकळी जागा, मग तीन दाढा, एकूण सोळा, बास. सुळा नाही, उपदाढा नाहीत, आणि पुढचे दात तर जन्मभर वाढतच राहतात.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे पहिली चूक डोक्यातच होते. आपण माणसाचा तक्ता पाठ करून आलेलो असतो, सहाव्या-सातव्या आठवड्यात दाताची सुरुवात, सहा महिन्यांनी पहिला दात वगैरे, आणि तोच ताल उंदरावर लावायला जातो. उंदराची अख्खी गर्भावस्था १९-२० दिवसांची. इथे एक दिवस म्हणजे माणसाच्या हिशोबात आठवडे. पहिल्या दाढेचं ढोबळ वेळापत्रक असं: ई११.५ (ई म्हणजे गर्भाचं दिवसांतलं वय) च्या सुमारास तोंडाच्या आतलं अस्तर जाड व्हायला लागतं, ई१३.५ ला बड म्हणजे कळी, ई१४.५ ला कॅप म्हणजे टोपी, ई१६.५ ला बेलची, म्हणजे घंटेच्या आकाराची सुरुवात, ई१८.५ ला पूर्ण बेल, आणि जन्माच्या आसपास डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला कठीण थर, पडायला लागतं. म्हणजे बड आणि कॅप यांच्यात फक्त चोवीस तास आहेत, आणि आपण बहुतेक जण ज्या चुका करतो त्या सहा, आठ, बारा तासांच्या असतात, म्हणूनच त्या इतक्या महागात पडतात.

कार्डावरची तारीख आणि पोटातलं वय

मीलनानंतर मादीच्या योनीत बसणारा घट्ट गोळा म्हणजे प्लग, तो दिसला त्या दिवशीची दुपार म्हणजे ई०.५, हा आजचा चालू रिवाज. पण जुन्या पेपरांत आणि काही लॅबमध्ये प्लगचा दिवस म्हणजे दिवस १ असंही धरतात, काही जण दिवस ० म्हणतात. तुम्ही एका पेपरातला "दिवस १४" उचलला आणि आपल्या ई१४.५ शी जोडला तर अख्खा दिवस इकडेतिकडे होऊ शकतो. मेथड्समध्ये एक ओळ असते ती कोणी वाचत नाही, ती वाचा. जन्मानंतरही तीच गंमत, कोणी जन्मदिवसाला पी० म्हणतो कोणी पी१ (पी म्हणजे जन्मानंतरचा दिवस). पिल्लं बहुतेक रात्री-पहाटे होतात, तुम्ही सोमवारी सकाळी आलात आणि पिल्लं दिसली तर ती रविवारच्या रात्रीची का शनिवारची हे पोटातल्या दुधावरून नाही कळत हो. रविवारी कोणीतरी यायलाच हवं, नाहीतर त्या पिल्लांना पी० च्या गटात घेऊ नका.

प्लग सकाळी लवकर बघायचा, आम्ही आठपर्यंत उरकतो, कारण तो पडून जातो किंवा विरघळतो आणि दहा-अकराला बघितलं तर काही मादींमध्ये दिसणारच नाही. आणि प्लग दिसला म्हणजे गर्भ राहिलाच असंही नाही, तो फक्त रात्री मीलन झाल्याचा पुरावा. दहाव्या दिवसाच्या आसपास वजन आणि पोट बघा, उगाच रिकाम्या मादीचा बळी नको.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण याच चुकीने माझे तीन महिने खाल्ले.

आमचं काम एका औषधाचा दाताच्या वाढीवर काय परिणाम होतो ते बघायचं. कंट्रोल गटाच्या, म्हणजे औषध न दिलेल्या, माद्या मे महिन्याच्या शेवटी प्लग झाल्या, औषधाच्या गटाच्या जूनमध्ये. दोन्हींचे गर्भ ई१४.५ ला काढले, सेक्शन म्हणजे पातळ काप केले, रंगवले, आणि मायक्रोस्कोपखाली बघते तर कंट्रोलला मस्त कॅप, मधोमध इनॅमल नॉट हा पेशींचा पुंजका, आणि औषधाच्या गटाला जेमतेम जाड बड, खालची कड नुकती कुठे आत वळायला लागलेली. मी तर उडालेच. गाइडना फोटो पाठवले, पोस्टरचं शीर्षकसुद्धा मनात ठरवलं.

गाइडनी फोटोला उत्तर दिलं एका वाक्यात, "बोटं बघितलीस का?" मला वाटलं चुकून दुसऱ्याचा मेसेज मला आला. पण सुदैवाने धडं पीएफए या टिकवणाऱ्या द्रावणात ठेवलेली होती, टाकली नव्हती. एकेक पुढचा पंजा चिमट्याने पाण्यात उलगडून डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली धरला. ई१३.५ ला पंजा म्हणजे बदकाच्या पायासारखा, बोटांच्या मध्ये नुसत्या खाचा, बाकी सगळा पडदा. ई१४.५ ला टोकं सुटलेली दिसायला हवीत. कंट्रोलची सुटलेली होती. औषधाच्या गटातल्या बहुतेकांची नव्हती, मधली अवस्था, खाचा खोल झालेल्या पण टोकं अजून चिकटलेली. म्हणजे फक्त दात मागे नव्हता, अख्खं पोरच मागे होतं.

तरीही मी म्हटलं, औषधाने सगळीच वाढ मंदावली असेल ना. तसं होऊ शकतं, अगदी होऊ शकतं. मग आमच्या ॲनिमल हाउसचे काका, ज्यांना मी हे सगळं रडगाणं सांगत होते, शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्या येळाक रात्री बाराक बल्ब पेटलेलो असायचो, माका वाटला तुम्हीच ठेवलात."

झालं होतं असं. पहिला पाऊस, वारा, लाइट गेली ती सात तासांनी आली. आमच्या खोलीतले दिवे जुन्या पिनांच्या फिरत्या टायमरवर, सकाळी सहाला लागतात संध्याकाळी सहाला विझतात. लाइट गेली की तो टायमर जागच्या जागी थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू, म्हणजे टायमरच्या मते दुपारचे बारा तेव्हा बाहेर संध्याकाळचे सात. दिवे विझायला लागले रात्री एकला, आणि असं दहाएक दिवस चाललं, कुणाच्या लक्षात नाही. उंदीर घड्याळ बघत नाहीत, अंधार बघतात. मीलन साधारण अंधाराच्या मध्यावर होतं असं आपण गृहीत धरतो आणि म्हणून दुसऱ्या दिवशीची दुपार ०.५ म्हणतो. अंधार सात तास सरकला तर मीलन पहाटे उजाडल्यावर, आणि मी आठला येऊन ताजा प्लग बघून खुशाल मध्यरात्रीपासून मोजतेय. कार्डावर १४.५, पोटात १४.२ च्या आसपास. कॅप आणि बडच्या मधली नेमकी ती वेळ.

तेव्हा आपल्या कोकणात काम करत असाल तर टायमर बॅटरीवाला डिजिटल घ्या, आणि तरी खोलीबाहेर एक वही ठेवा, लाइट किती वाजता गेली किती वाजता आली. तौक्ते वादळाच्या वेळी, २०२१ च्या मेमध्ये, इकडे किती गावं दिवसचे दिवस अंधारात होती ते आठवत असेलच. अशा वेळी लागलेले प्लग वेळेच्या कामाला सरळ बाद करा. आणि कंट्रोल आणि प्रयोग एकाच आठवड्यात, एकाच खोलीत लावा, कंट्रोल मेमध्ये आणि औषध जूनमध्ये हा शहाणपणा परत करू नका. खोलीचं तापमान २० ते २६ डिग्री आणि दमटपणा ३० ते ७० टक्के असावा असं नियमावली म्हणते, पावसाळ्यात आमच्याकडे डीह्युमिडिफायर बंद पडला की काय होतं ते मी लिहीत नाही.

नर पिंजऱ्यातच राहिला ही अजून एक सुंदर चूक. मादी व्याल्यावर दिवसाभरातच पुन्हा मीलनाला तयार होते. नर तिथेच असेल तर ती पिल्लांना पाजता पाजता परत गाभण, आणि पाजत असताना गर्भ गर्भाशयात रुजायलाच उशीर होतो, कधी काही दिवस तर कधी आठवडाभर. प्लगवरून मोजलेलं वय अशा वेळी पूर्ण फसवं. आणि उलट बाजूने, नुकत्याच प्लग झालेल्या मादीला अनोळखी नराच्या वासात ठेवलं तर तिचा गर्भ रुजतच नाही, हिल्डा ब्रूस यांनी १९५९ साली दाखवलेला परिणाम. छप्पर गळतंय म्हणून पिंजरे इकडचे तिकडे केले, त्यात प्लगवाल्या माद्या परक्या नरांच्या शेजारी गेल्या, आणि मग "यंदा गर्भधारणाच होत नाहीत" म्हणून खाद्याला दोष.

बरं, एकाच आईची पिल्लंसुद्धा एका वयाची नसतात. एकाच पोटात सहज अर्ध्या दिवसाचा फरक मिळतो. म्हणून प्रत्येक गर्भाची बोटं, वजन, फोटो, आणि मगच डोकं वेगळं. ई१५.५ ला मागच्या पायाची बोटंही सुटतात, ई१६.५-१७ ला पापण्या मिटलेल्या, ई१८.५ ला मिशा लांब. टायलरच्या स्टेजचा, म्हणजे उंदराच्या गर्भाच्या अवस्थांचा, तक्ता प्रिंट मारून भिंतीला चिकटवा. अख्खा गर्भ मागे आहे का फक्त दात मागे आहे हा प्रश्न या तक्त्याशिवाय सुटत नाही, आणि पेपरात छापण्यासारखी गोष्ट दुसरीच, म्हणजे फक्त दात मागे असण्याची, असते.

जात पण बघा. आपल्याकडे स्विस अल्बिनो सर्रास, पुस्तकातले तक्ते बहुतेक सीडी-१ नाहीतर सी५७ ब्लॅक ६ वरचे. पाच-सहा तासांचा फरक निघाला तर घाबरू नका, आपल्या जातीचा आपला तक्ता एकदा करून ठेवा.

आंब्याची कडेची फोड

दुसरं मोठं संकट सेक्शनचं. कॅप ही टोपी आहे, तिला मध्य आहे आणि कडा आहेत. इनॅमल नॉट म्हणजे मधोमध पेशींचा एक छोटा घट्ट पुंजका, ७ मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये तो मोजक्याच काचांवर येतो. हापूसची कडेची फोड कापलीत तर त्यात बाठा दिसणार नाही, म्हणून आंब्याला बाठाच नाही असं कोणी म्हणतं का? पण कॅपच्या कडेचा सेक्शन बघून "बडच आहे, इनॅमल नॉट नाही" असं लिहिणारे मी पाहिलेत, त्यात एक मी. पूर्ण दाढ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने कापा, काचांवर नंबर घाला, आणि सगळ्यात मोठा आडवा छेद ज्या काचेवर आहे तीच एकमेकांशी ताडून बघा. डोकं मेणाच्या ब्लॉकमध्ये तिरकं बसलं असेल तर डावी दाढ कॅप आणि उजवी बड दिसेल, आणि तुम्ही डाव्या-उजव्या बाजूच्या फरकावर अख्खा परिच्छेद लिहाल. दोन्ही डोळे एकाच काचेवर येतायत का ते आधी बघायचं, साधी युक्ती आहे.

मेमध्ये आमच्या खोलीत पॅराफिनचा ब्लॉक लोण्यासारखा होतो, कापांची सलग पट्टी म्हणजे रिबन चुरगळते. काका जेटीवरून मासळीचा बर्फ आणतात, पिशवीत घालून त्यावर ब्लॉक पालथा ठेवायचा दहा मिनिटं, मग चार-पाच काचा चांगल्या निघतात, परत बर्फ. वास येतो थोडा, चालवून घ्यायचं.

जन्माच्या आसपासच्या जबड्यात दाढेच्या खाली अजून एक गोल-लांबट दात दिसतो, तो दाढ नाही, खालचा पुढचा दात आहे, तो हाडात दाढांच्या खालून मागेपर्यंत गेलेला असतो. त्याच्या फक्त एका बाजूला, ओठाकडच्या, इनॅमल असतं. हे माहीत नसलं की "असामान्य दाढ, एका बाजूला इनॅमल नाही" असा शोध लागतो.

आता जरा खोलातली गोष्ट, खालच्या जबड्यातली. ई१२.५-१३.५ ला तुम्ही ज्याला पहिल्या दाढेचा बड म्हणता तो बरेचदा पहिल्या दाढेचा नसतोच. उंदराच्या पूर्वजांना उपदाढा होत्या, त्यांचे अवशेष त्या मोकळ्या जागेच्या मागच्या टोकाला अजून उगवतात आणि विरतात. ई१२.५ ला दिसणारा एसएचएच या वाढीचा सिग्नल देणाऱ्या जनुकाचा ठिपका एका अवशेषाचा, ज्याला एमएस म्हणतात, ई१३.५ चा दुसऱ्याचा, ज्याला आर२ म्हणतात, आणि खऱ्या पहिल्या दाढेचा ठिपका ई१४.५ च्या सुमारास त्यांच्या मागे येतो. प्रागच्या संशोधकांनी हे दाखवलंय. म्हणजे नुसता पुढचा ठिपका धरून "सिग्नल नंतर कमी झाला" असं म्हटलंत तर तुम्ही एका मरणाऱ्या उपदाढेची गोष्ट पहिल्या दाढेच्या नावावर सांगताय. मला स्वतःला हा सगळा प्रकार फार आवडतो, जो दात कधीच येणार नाही तो रोज नव्याने थोडासा येऊन जातो.

उशीर का थांबलेलं?

ई१४.५ ला बड दिसला की लोक लगेच "वाढ बडलाच थांबली" लिहितात, कारण एमएसएक्स१ हे जनुक नसलेल्या उंदरांत (१९९४) आणि पॅक्स९ हे जनुक नसलेल्यांत (१९९८) दात बडला थांबतो हे वाचलेलं असतं. पण एका वयावरून उशीर आणि थांबणं यातला फरक कळूच शकत नाही. एसटी उशिरा येतेय का रद्द झालीय हे स्टँडवर एकदाच डोकावून कसं सांगाल? ई१५.५ आणि ई१६.५ चे गर्भ काढा, तिथेही बडच असेल तर थांबलं म्हणा.

आणि ज्यांना अस्तर एका गर्भाचं आणि खालचा टिश्यू दुसऱ्याचा असं जोडून कल्चर करायचंय त्यांनी तर तारखेवर दुप्पट लक्ष द्या. ई११.५ पर्यंत दात घडवायची ताकद वरच्या अस्तरात असते, ई१२ च्या सुमारास ती खालच्या टिश्यूकडे, म्हणजे मेसेंकाइमकडे, जाते, मिना आणि कॉलर यांनी १९८७ साली हे जोडाजोडीचे प्रयोग करून दाखवलं. तुमचा ११.५ चा गर्भ खरा १२ चा निघाला तर दात येणार नाही आणि निष्कर्ष बरोब्बर उलटा. शिवाय डिशमधली वाढ पोटातल्यापेक्षा हळू चालते, "कल्चरचे तीन दिवस म्हणजे तीन दिवस" असं जोडू नका.

इनॅमल गेलं कुठे

जन्मानंतरचे जबडे कापायचे तर आधी कॅल्शियम काढावं लागतं. त्यासाठी वापरायचं ईडीटीए पाण्यात विरघळत नाही म्हणून पोरं ढवळत बसतात, पीएच ८ कडे नेल्याशिवाय ते विरघळणारच नाही, सोडियम हायड्रॉक्साइड हळूहळू घाला, मग ७.४ ला आणा. घाईत नायट्रिक ॲसिड वापरलंत तर दोन दिवसांत काम होईल पण प्रथिनं ओळखणारी अँटिबॉडी नीट चिकटणार नाही. पी१४ च्या जबड्याला आमच्याकडे फ्रिजमध्ये दोन आठवडे जातात, मधूनमधून द्रावण बदलून.

आणि मग सेक्शनमध्ये इनॅमलच्या जागी पांढरी पोकळी! घाबरून फोन येतात. पक्कं इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजच असतं, ते काढलंत तर उरणार काय. कोवळं असेल, पी५ वगैरे, तर प्रथिनं गुलाबी रंगलेली दिसतात, पिकल्यावर नुसती जागा. "औषधामुळे इनॅमल बनलंच नाही" हे त्या पोकळीवरून सांगता येत नाही, त्याला मायक्रो-सीटी म्हणजे बारीक एक्स-रे स्कॅन किंवा न विरघळवता कापलेले सेक्शन लागतात.

बाहेर येणारा दात

दात "आला" म्हणजे काय हे आधी ठरवा. हाडातून वर आला, हिरडीतून टोक दिसलं, का समोरच्या दाताला टेकला, तिन्हींमध्ये दिवसांचं अंतर. पुढचे दात नवव्या ते अकराव्या दिवशी, पहिली दाढ पंधरा-सोळाच्या आसपास, म्हणजे डोळे उघडून दोन-तीन दिवस झालेले असतात आणि पिल्लं नुकती आईचं खाद्य कुरतडायला लागलेली असतात, दुसरी दाढ अठरा ते वीस. हिरडीतून दिसली तरी मुळं अजून अपुरी, ती वेगळी मोजायची. रोज एकाच वेळी, एकाच माणसाने बघा. दहा-बारा पिल्लांच्या पिंजऱ्यातली पिल्लं चार पिल्लांवाल्यांपेक्षा मागे राहतात, दूध वाटलं जातं ना, म्हणून जन्मल्यावर सगळ्या आयांकडे सारखी पिल्लं ठेवा, आम्ही आठ ठेवतो. त्यातलं एखादं मरतुकडं असेल तर त्याचं वजन लिहून ठेवा, नंतर त्याचाच दात उशिरा निघतो.

आणि तिसरी दाढ. जन्माच्या दिवशी एकाच जबड्यात पहिली दाढ पूर्ण बेल, दुसरी तिच्या मागे काही दिवसांनी, आणि तिसरी तर जन्मानंतरच खरा आकार घेते, बाहेर येते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास. मी पहिल्या वर्षी एकविसाव्या दिवशी, पिल्लं आईपासून तोडतात त्याच दिवशी, सगळे जबडे काढले आणि तक्त्यात कंट्रोल आणि औषध दोन्ही गटांपुढे, एकूण चौदा पिल्लांपुढे, सुंदर अक्षरात लिहिलं, "तिसरी दाढ: आढळली नाही". गाइडनी त्या रकान्याला लाल पेनाने गोल केला आणि शेजारी फक्त लिहिलं, "थांबायचं होतं ना गं एक आठवडा."